ओफे: फोडणीशिवाय रांधायची इग्बो सूपं आणि प्रांतोप्रांतीचे फरक

नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात आनंब्रा, इनुगू, इमो, अबिया आणि एबोन्यी ही पाच राज्यं आहेत. हा इग्बो लोकांचा मुख्य मुलूख. शिवाय नायजर नदीच्या पश्चिमेला असाबाच्या आसपास आणि दक्षिणेला रिव्हर्स राज्यातही इग्बो वस्ती आहे. या सगळ्या पट्ट्यात जेवण म्हणजे एक मऊ गरम गोळा आणि त्याच्याबरोबर ओफे. नायजेरियन इंग्रजीत ओफेला सूप म्हणतात, पण ते वाटीतून प्यायचं नसतं. बोटांनी गोळ्याचा तुकडा तोडायचा, त्याला अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात ओफे उचलून गिळायचं. तेव्हा ते गोळ्याला धरून राहील इतपत दाट असावं लागतं.

मराठी हातानं हा स्वयंपाक करायचा म्हटलं की सामान मिळवणं जड जातंच, पण त्याहून जड जाते सवय मोडणं. कढई तापली की आपला हात तेलाकडे, मग कांद्याकडे, मग आलं-लसणाकडे जातो. इग्बो ओफेत यातलं जवळजवळ काही नाही. फोडणी नाही, मसाला परतणं नाही, टोमॅटो नाही, हळद-धणे-जिरे तर नाहीतच. मांस शिजवलेल्या उकळत्या पाण्यात पामतेल कच्चंच ओततात आणि ते उकळीबरोबर एकजीव होतं. चव येते ती सुक्या मासळीतून, सुक्या कोळंबीतून, आंबवलेल्या बियांतून आणि शेवटी पडणाऱ्या पाल्यातून. थोडा गरम मसाला घातला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. बिघडतं. त्या मसाल्याखाली पान आणि मासळी दोन्ही बुडतात आणि उरतो तो पामतेलातला मटण रस्सा.

कोणतंही ओफे तीन प्रश्नांत ओळखा

पाककृती पाठ करण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. तेल आहे का? दाटपणा कशाचा आहे? पान कोणतं आहे? उत्तरं मिळाली की सूप बहुतेक ओळखता येतं, आणि बऱ्याचदा ते कुठल्या भागातलं तेही.

दाटपणाचं उत्तर सगळ्यांत बोलकं. आनंब्रा आणि इमोकडे उकडून कुटलेला 'एदे' घालतात. एदे म्हणजे अळूचा कंद, आपली अळकुडी. वनस्पती तीच, आणि ती आशियातून तिकडे गेली. तिथल्या एका वाणाला आजही 'कोकोइंडिया' म्हणतात. नदीकाठच्या पांढऱ्या सूपात एदेऐवजी याम हा कोनफळाच्या कुळातला कंद, म्हणजे इग्बोंचा 'जी', कुटून घालतात. अबियाकडे आणि आणखी काही भागांत झाडांच्या बियांची पूड चालते, तिची नावं अची आणि ओफो. एगुसी म्हणजे कलिंगडाच्या जवळच्या नात्यातल्या फळाच्या बिया. त्यांनी सूप नुसतं दाट होत नाही, त्यात मऊ गाठीही तयार होतात. ओग्बोनो ही रानआंब्याची बी. आंब्याशी हिचं नातं फक्त नावापुरतं. तिची पूड शिजली की भेंडीसारखी तार सुटते.

सामान आणि त्याच्या जागी काय

इथे थोडं सविस्तर, कारण खरी अडचण दुकानातच येते. मुंबई, दिल्ली, बंगळुरूत आफ्रिकी विद्यार्थी आणि व्यापारी राहतात त्या वस्त्यांतल्या छोट्या दुकानांत बरंच काही मिळतं. लंडन, ह्यूस्टन किंवा टोरांटोत राहत असाल तर प्रश्नच नाही.

*लाल पामतेल.* याला पर्याय नाही. आपल्याकडे पिशवीत मिळतं ते शुद्ध केलेलं पामोलिन. त्याला ना रंग ना वास. हवं ते गडद केशरी, न गाळलेलं, थंडीत गोठणारं. गोठलं म्हणून ते खराब झालेलं नसतं, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतं.

*क्रेफिश.* नाव फसवं आहे. नायजेरियाच्या बाजारात या नावानं मिळतात त्या खाडीमुखाच्या बारीक सुक्या कोळंब्या, धुरावलेल्या किंवा उन्हात वाळवलेल्या. त्यामुळे कोकणातल्या घरात याचा पर्याय तयारच असतो: सुका जवळा. निवडून, कोरडाच मंद आचेवर भाजून, गार करून पूड करायची. सोडे चालतात, पण ते गोडसर लागतात. जवळ्याचा उग्रपणाच इथे जास्त जुळतो.

*ओकपोरोको.* नॉर्वेच्या थंड वाऱ्यात लाकडासारखा कडक वाळवलेला कॉड मासा. आफ्रिकेतल्या सूपात नॉर्वेचा मासा कसा, तर व्यापार आधीपासून होताच, पण १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियाच्या यादवीत, इग्बो मुलूख उपासमारीत होरपळला तेव्हा मदतीतून आलेल्या अन्नात ही टिकाऊ, प्रथिनांनी भरलेली मासळी होती. युद्ध संपलं, मासा राहिला, आणि आज तो परवडेनासा झाला तरी लोक एखादा तुकडा तरी घालतातच. रात्रभर भिजवून मग शिजवायचा. नसेल तर सुकी सुरमई किंवा सुका बांगडा घ्या, मात्र खारवलेला असेल तर दोन पाण्यांत भिजवून मीठ काढा. यातून कॉडची ती आंबूस खोली येत नाही, पण सूप पोकळही लागत नाही.

*ओगिरी.* एरंडाच्या बिया उकडून आंबवलेली करडी, अतिशय वास मारणारी पेस्ट. अर्धा चमचा पातेलंभर सूपाला पुरतो. कच्च्या एरंडबीत रायसिन हे जहाल विष असतं. ओगिरी करणाऱ्या बायका बिया दीर्घकाळ उकडतात, पानांत बांधून आंबवतात, आणि हे हातचं कसब असतं. घरी करून बघायचा हा पदार्थ नव्हे. तयार मिळाली तर घ्या, नाहीतर वगळा. नायजेरियाच्या नैऋत्येकडच्या योरुबा लोकांचं इरू, जे दुसऱ्याच एका शेंगेच्या बियांचं असतं, ते मिळालं तर तेही चालेल. इनुगू राज्यातल्या न्सुक्काकडे याच कामासाठी 'ओकपेई' नावाची वेगळी आंबवण वापरतात, आणि तिथली पिवळी सुवासिक मिरची सगळ्या नायजेरियात नावाजलेली आहे. आपली लवंगी मिरची तिखटपणा देते, तो सुवास देत नाही.

*उझिझा.* काळ्या मिरीच्या कुळातली वेल. पानं आणि बिया दोन्ही वापरतात. बियांच्या जागी काष्ठौषधीच्या दुकानातलं कंकोळ घ्या, नाहीतर काळी मिरीच भरडून थोडी कमी घाला.

*उगू.* भोपळ्याच्या कुळातल्या वेलीची पानं. लाल भोपळ्याची कोवळी पानं, वरचा चरबट भाग सोलून, बारीक चिरून घेतली तर काम होतं. पालक सोपा, पण तो पाणी सोडतो. आधी पिळून घ्या.

*एगुसी.* मिठाईवाल्यांकडे मिळणारा मगज, म्हणजे कलिंगडाच्या सोललेल्या पांढऱ्या बिया. नातं इतकं जवळचं आहे की बदली वाटतच नाही.

आधी पाणी नीट करा

कोणत्याही ओफेचा पाया म्हणजे मांसाचं शिजवणी पाणी. नायजेरियात गोमांस, वजडी, चामड्याचे तुकडे असं एकत्र जातं. आपण हाडासकट बोकडाचं मटण घेऊ, वजडी आवडत असेल तर तीही.

सहा माणसांना पाऊण किलो मटण, एक मध्यम कांदा, मीठ. नायजेरियन घरात एखादी चवीची वडीही पडते, त्यात कमीपणा मानत नाहीत. आधी पाणी न घालता मटण त्याच्याच रसात पाच-सात मिनिटं वाफवा. मग दीड लिटर पाणी. वजडी आणि भिजवलेला कडक मासा सुरुवातीलाच टाका, त्यांना वेळ लागतो. कुकर वापरला तरी चालेल, पण मासा कुकरमध्ये नको, त्याचा चुरा होतो. शेवटी पातेल्यात लिटरभर पाणी उरलं पाहिजे. ओफे पातळ झालं तर ते बहुतेक वेळा इथेच चुकलेलं असतं: पाणी जास्त राहिलं, मग दाट करायला एदे जास्त घातला, आणि खळ झाली.

ओफे ओनुग्बू, सावकाशीनं

एकच इग्बो सूप शिकायचं असेल तर हे शिका. आनंब्राचं हे खास सूप. ओनुग्बू म्हणजे कडू पान, व्हर्नोनिया नावाच्या झुडपाचं. गंमत अशी की नीट झालेलं ओनुग्बू कडू लागत नाही, कडवटपणाची फक्त आठवण जिभेवर राहते. ते साधतं पान धुण्यातून. ताजी पानं मीठ लावून दोन्ही हातांनी घासायची, हिरवा फेस येतो, पाणी बदलायचं, पुन्हा घासायचं, फेस जवळजवळ थांबेपर्यंत. ओनित्शाच्या बाजारात धुतलेल्या पाल्याचे गोळे तयार मिळतात. आपल्याला बहुधा वाळवलेला पाला मिळेल. तो गरम पाण्यात भिजवून पंधरा मिनिटं उकळा, पिळा, चाखून बघा. अजून कडू असेल तर पुन्हा उकळा. याच्या जागी मेथी घालायचा मोह होईल. नको, मेथीचा वास सगळं पातेलं ताब्यात घेतो.

सामान: वरच्याप्रमाणे शिजवलेलं मटण आणि लिटरभर पाणी, सुकी मासळी १०० ग्रॅम, लहान अळकुड्या आठ-दहा, लाल पामतेल पाऊण वाटी, भाजलेल्या जवळ्याची पूड तीन मोठे चमचे, ओगिरी अर्धा चमचा, कुटलेल्या मिरच्या दोन-तीन, धुऊन पिळलेला कडू पाला दोन मुठी.

१. अळकुड्या सालीसकट उकडा, सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. आपण अळूला चिंच किंवा आमसूल लावून घशाची खाज मारतो, इथे आंबट काही नाही. म्हणून कंद पूर्ण शिजणं हाच उपाय. अर्धवट उकडलेला कंद अख्खं सूप खाजरं करतो.

२. गरम असतानाच सोलून उखळात किंवा खलबत्त्यात कुटा. गाठ राहू देऊ नका, कारण नंतर ती विरघळत नाही. मिक्सरमध्ये फिरवलं तर चिकट होतं, तरी वेळ नसेल तर थोडं फिरवायला हरकत नाही. चकचकीत, ओढल्यावर ताणला जाणारा गोळा हवा.

३. मटणाचं पाणी खदखदा उकळवा. त्यात सोलून काटे काढलेली सुकी मासळी, जवळ्याची पूड, मिरची आणि ओगिरी घाला. मग पामतेल थेट ओता. आधी तापवू नका, धूर काढू नका. झाकण ठेवून दहा मिनिटं मोठी आच. वर तरंगणारं तेल हळूहळू पाण्यात मिसळून सगळं पिवळं-केशरी होतं. कच्च्या तेलाचा वास गेला की पुढे.

४. कुटलेल्या एद्याचे लिंबाएवढे गोळे करून सोडा. ढवळू नका. झाकण ठेवा, आच मोठीच. गोळे आपोआप विरघळत जातात, दहा-पंधरा मिनिटं लागतात. अर्ध्यावर पळीनं बघा. दाटपणा आला आणि तरी दोन गोळे शिल्लक असतील तर ते काढून ठेवा. फ्रीजमध्ये गार झाल्यावर सूप आणखी घट्ट होतं, तेव्हा आत्ता थोडं सैलच बरं.

५. आता कडू पाला. पाच मिनिटं मंद आचेवर. मीठ चाखा, कारण मासळीत मीठ असतं. कडा सुटून तेलाचा पातळ थर वर दिसू लागला की उतरवा.

हाच सांगाडा, तेल आणि एदे तेच ठेवून, शेवटी पान बदललं तर ओफे ओहा होतं. ओहा हे बिबळ्याच्या कुळातल्या एका झाडाचं कोवळं पान. ते सुरीनं चिरत नाहीत, हातानं फाडतात. सुरी लावली की पान काळं पडतं असं सांगतात. फाडलेलं पान उझिझाच्या पानाबरोबर टाकून दोन मिनिटांत पातेलं खाली, कारण ओहा जास्त शिजलं की काळवंडतं. बिबळ्याची पानं वापरायच्या भानगडीत मात्र पडू नका, नातं असलं तरी खाण्याचं पान ते नव्हे.

ओफे न्साला: तेल नाही, हिरवळ जवळजवळ नाही

आनंब्रा नदीच्या काठावर, अगुलेरीच्या बाजूला, ताज्या माशाचं हे पांढरं सूप. पामतेलाच्या मुलुखात पामतेल नसलेलं सूप नावाजलं जावं याचं कारण नदी: मासा ताजा असला की त्यावर लाल तेल लोकांना नको वाटतं.

यात दाटपणा यामचा. इथे एक सावधगिरी. भारतात सुरणालाही इंग्रजीत याम म्हणतात, आणि सुरणाचं न्साला करणाऱ्याचा घसा दिवसभर आठवण देतो. हवा तो पांढऱ्या गराचा याम. कोनफळ त्याच कुळातलं, पण जांभळं कोनफळ घेतलं तर पांढरं सूप जांभळं होईल. पांढऱ्या गराचं मिळालं तर उत्तम.

मासा मांगूरसारखा, कातडीचा. समुद्रातला शिंगाळा चालेल, मरळही चालेल. तुकड्यांवर मीठ चोळून गरम पाणी फिरवा, वरची बुळबुळ पांढरी होऊन निघते आणि मासा घट्टही राहतो. चिकन किंवा मटणाच्या साध्या पाण्यात यामचे सोललेले तुकडे शिजवा, काढून कुटा. पाण्यात जवळ्याची पूड, ओगिरी, मिरची, कुटलेलं उझिझा किंवा कंकोळ घाला. कुटलेल्या यामचे छोटे गोळे सोडा. ते विरघळत आले की मासा. त्यानंतर पळी चालवायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. दहा मिनिटांत मासा शिजतो. शेवटी उताझी, एक कडवट-गोडसर पान, अगदी बारीक चिरून दोन चिमट्या. जास्त घातलं तर फक्त तेच लागतं. मिळालं नाही तर काही घालू नका, कोथिंबीर तर नकोच.

बाळंतिणीला इग्बो घरात तिखट, गरम सूपं देतात. बाळाच्या देखभालीला आजी येऊन राहते त्या प्रथेला ओमुग्वो म्हणतात, आणि त्या दिवसांतल्या न्सालात किंवा यामच्या तिखट पाण्यात 'उदा' नावाच्या सुगंधी शेंगा हमखास असतात.

बाकीची, जरा भरभर

ओफे ओवेरी इमोच्या राजधानीच्या नावानं ओळखलं जातं. एदे आहेच, वर ओकाझीची दोऱ्यासारखी बारीक कापलेली चिवट पानं आणि उगू, आणि मांस-मासळी-गोगलगाय यांची रेलचेल. महागडं सूप म्हणून त्याची थट्टाही होते. माझ्या मते पहिल्यांदाच इथे हात घालू नये. ओनुग्बू जमलं की हे जमतं.

अबियात, उमुआहियाच्या बाजूला, अचारा वापरतात. हत्तीगवताच्या कोवळ्या कोंबांचा आतला गाभा, वासोट्यासारखा कुरकुरीत. त्याच्याबरोबर एगुसी किंवा अचीची पूड. अची आणि ओफो दोन्ही पुड्या वापरताना एकच नियम: उकळत्या पाण्यात सरळ टाकू नका, गाठी होतात. दोन चमचे पूड थोड्या गार पाण्यात किंवा पामतेलात कालवून मग ओता. ओग्बोनो कोमट पामतेलात विरघळवायचं आणि नंतर झाकण ठेवायचं नाही, नाहीतर उतू जातं.

एगुसीचं सूप सगळ्या नायजेरियात होतं, आणि शेजाऱ्यांतला फरक बघायला याहून चांगलं सूप नाही. पाव किलो मगज कोरडाच दळा. इग्बो पद्धतीत पिठात थोडं पाणी घालून घट्ट लगदा करतात आणि त्याचे छोटे गोळे तेल घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडतात, वीस मिनिटं न ढवळता. योरुबा घरात आधी तेल तापतं, त्यात वाटलेल्या मिरच्या, ढोबळी मिरची, कांदा परतला जातो, मग त्यात एगुसी भाजली जाते. ज्यांना फोडणीशिवाय चैन पडत नाही त्यांनी सरळ योरुबा पद्धत धरावी. शाकाहारी मंडळींसाठीही एगुसी हेच दार: मांसाऐवजी अळंबी. इग्बो भाग अळंबीला नवखा नाही, एगुसीत 'उसू' नावाचा एका अळंबीचा जमिनीतला गाभा कुटून मिसळून वड्यांसारखे गोळे करण्याची पद्धत तिथे जुनीच आहे. जवळा काढला तर चवीसाठी इरू हवंच.

एकच फळ, चार घरं

प्रांतोप्रांतीचे फरक समजायला पामच्या फळाएवढं काही नाही. फळं उकडून कुटतात, गरम पाण्यात चोळून गाळतात, आणि तो लाल-केशरी दाट रस आटवतात. डब्यातला तयार अर्क मिळतो, तो घेतला तर निम्मं काम वाचतं. अर्क दुप्पट पाण्यात सैल करा, तेल वर येईपर्यंत उकळा, मग मांस-मासळी.

पुढे रस्ते वेगळे होतात. इग्बो याचं ओफे अक्वू करतात, त्यात न्चानवू नावाचं सुगंधी पान घालतात आणि पांढऱ्या भाताबरोबर खातात. न्चानवू म्हणजे आपल्याकडे कुंपणाला उगवणारी रानतुळस, तीच जात, लवंग-ओव्याच्या वासाची. मराठी घरात सगळ्यांत आधी आवडणारं सूप हेच, कारण भात आहे. पश्चिमेला डेल्टात उरहोबो लोक याच रसात वेगळे सुके मसाले घालून बंगा करतात आणि कसाव्याच्या (ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याच्या) पिठाच्या पारदर्शक, चिकट गोळ्याबरोबर खातात. पूर्वेला क्रॉस नदीच्या बाजूला एफिक आणि इबिबिओ घरांत याच रसात अतामा नावाचं पान पडतं. आणि थेट घानात गेलात तर तिथल्या अकान लोकांचं अबेंक्वान, कसावा आणि केळी एकत्र कुटलेल्या फुफूबरोबर, ज्यात टोमॅटो आणि वांगीही असतात.

कलाबारच्या एफिक शेजाऱ्यांची आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी. त्यांच्या अफांग आणि एदिकांग इकोंग या सूपांत दाटपणासाठी काहीच घालत नाहीत. ढीगभर पाला, भरपूर तेल, पाणी जवळजवळ नाही. एदिकांग इकोंगला उगू आणि वॉटरलीफ लागतं. वॉटरलीफच्या जागी आपली घोळ आणि पालक मिसळून घ्या. घोळ आंबटसर आहे, जपून. अफांगचं मुख्य पान आणि इग्बोंचं ओकाझी एकच. फक्त एकीकडे ते कुटतात, दुसरीकडे बारीक कापतात.

उत्तरेला गेलं की पाऊस कमी होतो, पामची झाडं संपतात, आणि स्वयंपाकही बदलतो. हौसा घरांत मियान कुका होतं, बाओबाबच्या वाळवलेल्या पानांच्या पुडीचं. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच, फक्त आपण तिची पानं खात नाही. शेंगदाणे आणि भोपळ्याचं मियान तौशेही याच भागातलं. आणखी पश्चिमेला, सेनेगल-मालीकडे, शेंगदाण्याचा दाट रस्सा भातावर येतो.

गोळा

इग्बो घरात आंबवलेल्या कसाव्याचा अकपू, गरीचा, म्हणजे कसाव्याच्या भाजलेल्या रव्याचा, एबा, किंवा सणासुदीला कुटलेला याम. ऑगस्टच्या सुमारास नव्या यामचा सण, इरी जी, होतो. त्या दिवशी याम आधी अर्पण केल्याशिवाय कुणी खात नाही. गरी मिळाली तर एबा सर्वांत सोपा: उकळतं पाणी वाडग्यात घ्या, त्यावर गरी भुरभुरा, झाकून दोन मिनिटं ठेवा, मग लाकडी पळीनं जोरात घोटा. गरी पाण्यात पडते, पाणी गरीवर नाही. उलट केलं तर आत कोरडे कण राहतात.

साबुदाणा कसाव्याचाच, म्हणून त्याचं पीठ शिजवून बघायची कल्पना अनेकांना सुचते. त्याची खळ होते. त्यापेक्षा तांदळाच्या पिठाची घट्ट उकड करा, जीरं-मिरची न घालता, फक्त मीठ. उत्तर नायजेरियात तांदळाचा आणि ज्वारीचाही असा गोळा खातातच, त्याला तुवो म्हणतात. एक वाटी ज्वारीच्या पिठाला साधारण अडीच वाट्या पाणी. त्यातली अर्धी वाटी गार पाण्यात थोडं पीठ कालवून ते उरलेल्या उकळत्या पाण्यात ओता, दाट झालं की बाकीचं पीठ टाकून घोटत राहा, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या. ओल्या हातानं गोळे करा.

खाताना उजवा हात. तुकडा चावायचा नसतो, सूपाबरोबर गिळायचा असतो. सवय नसेल तर चावा, कुणी हसत नाही.

उरलं तर

ओनुग्बू टिकाऊ आहे. रोज एकदा उकळी आणली तर दोन-तीन दिवस सहज राहतं, आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त मुरलेलं लागतं. गरम करताना आधी दोन चमचे पाणी टाका, मंद आचेवर सैल होऊ द्या, मगच ढवळा, नाहीतर तळाला लागतं. न्साला त्याच दिवशी संपवावं, मासा आणि याम दोन्ही लवकर आंबतात. एगुसी आणि अक्वू डब्यात भरून गोठवून ठेवता येतात, पण पान घालण्याआधी. ओहाचं तर हटकून असंच करा: पाया गोठवा, आणि पान खायच्या दिवशी फाडून घाला.